कड्याखालची फेरी

माघ शुद्ध द्वितीया. वारा उत्तरेचा, कोरडा आणि बोचरा. आकाश स्वच्छ. समुद्र पहाटेपासून ओसरत होता.

"मग मी पुढे कधी चालणार?" अच्युतने विचारलं.

दाजी घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसले होते. रात्रभर अंगात ताप होता. त्यांनी डोळे उघडले.

"आज," ते म्हणाले.

 इतक्या लवकर उत्तर येईल असं अच्युतला वाटलं नसावं.

काठेवाडच्या किनाऱ्यावर चुनखडीचा एक उंच कडा समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या माथ्यावर दाजींचा लहानसा मठ आहे. दाजी मूळचे बडोद्याचे, म्हणून तिकडची मराठी मंडळी दर माघात इथं येतात. देवदर्शनाला नाही. मठात देव असा नाहीच. येतात ते कड्याखालून फेरी घालायला. ओहोटीला पायथ्याशी दगडाचा एक ओटा उघडा पडतो. त्यावरून कड्याला वळसा घालायचा आणि पलीकडच्या घळीतून वर यायचं, एवढीच फेरी. मंडळी असतील तितके दिवस ती रोज निघते.

तिला नियमही एकच आहे. पाय ओट्यावर टेकल्यापासून सूर्य बुडेपर्यंत खोटं बोलायचं नाही. लहान नाही, मोठं नाही, दुसऱ्याचं मन राखायला म्हणूनही नाही. सूर्य बुडताना दाजी प्रत्येकाला विचारतात, आणि ज्याचं त्याने सांगायचं. पूर्ण, किंवा अपुरी. कुणी तपासत नाही.

बडोद्याचे मानेसाहेब नेमाने यायचे. एका वर्षी त्यांची एक फेरी अपुरी गेली, कारण दुपारी मठातल्या शितोळेमामांच्या हातचा चहा पिऊन ते "फक्कड झालाय" म्हणून गेले होते. तेव्हापासून फेरीच्या दिवशी मठात कुणी चहाबद्दल बोलत नाही.

मानेसाहेब मागच्या चैत्रात गेले. या वर्षी त्यांच्या पत्नी द्वारकाताई एकट्याच आल्या. आजवर त्या फक्त माथ्यावर बसून नवऱ्याची वाट बघायच्या. उंचीची भीती, आणि शरीरही जड.

"एकदा बघायचंय," त्या आदल्या दिवशी दाजींना म्हणाल्या होत्या, "हे रोज कुठून चालायचे ते. एकदा पूर्ण झाली की पुन्हा नाही त्रास देणार तुम्हाला."

"परत कधी निघता?"

"परवा सकाळच्या बसने. लेकीचे दिवस भरत आलेत. पुढे मग ती, तिचं बाळ... माझं यायचं काही खरं नाही."

तर द्वारकाताईंची ही फेरी अशी होती.

आम्ही खाली उतरलो तेव्हा ओटा पूर्ण उघडा पडून ओहोटी संपत आली होती. वरून हा कडा मऊ दिसतो, साखरेच्या ढेपेसारखा. जवळ गेलं की कळतं. पाण्याने आणि वाऱ्याने दगडाला इतकी भोकं पाडली आहेत की उरलेल्या कडा सुरीसारख्या झाल्या आहेत. हात टेकला की तळवा सोलतो आणि वर पांढरी भुकटी बसते. वरच्या बिळांतून पारवे घुमत होते. पायाखाली कुठेतरी पोकळीत पाणी शिरायचं आणि मोठा उसासा टाकून बाहेर यायचं.

"आई गं," द्वारकाताई प्रत्येक उसाशाला म्हणत होत्या.

"वहिनी, समुद्र आहे तो," शितोळेमामा मागून म्हणाले. "तुमच्याकडे बघून नाही उसासे टाकत."

"तुमच्याकडे बघून टाकत असेल. अंघोळ केलीत का सकाळी?"

मामा क्षणभर थांबले. "नाही," ते म्हणाले. नियम होता.

सगळे हसले. अच्युत हसला नाही. तो सगळ्यांच्या पुढे, ताठ चालत होता. वीस-बावीसचा असताना तो दाजींकडे आला. आता कानशिलावर पांढरे केस आहेत. मठातलं सगळं तोच बघतो. दाजींच्या मागे मठ कुणाचा, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. पण फेरीत जो पुढे चालतो त्याचाच तो असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यालाही.

वळशाच्या टोकाशी ओटा संपतो. तिथं कड्याला एक कपार आहे. माणूस दगडाला छाती लावून आडवा सरकला तर जाईल एवढीच. खाली पाणी. लांब नाही, पण वळणाला आहे, त्यामुळे दुसरं टोक दिसत नाही. कपारीच्या अलीकडे सगळ्यांनी थांबायचं. पुढच्याने विचारायचं, "पाय कसे आहेत?" ज्याचे कापत असतील त्याने तसं सांगायचं. त्याला पुढचा आपल्या लगेच मागे घेतो.

दाजी मात्र विचारण्याआधी स्वतःचं सांगतात. "माझे कापतात," असं म्हणतात आणि मग मागे वळतात. इतकी वर्षं, दर फेरीला. मंडळींना ते ऐकून बरं वाटतं.

"ते आपल्याला धीर यावा म्हणून म्हणतात," अच्युत उतरताना मला म्हणाला होता. "दाजींचे पाय कसले कापतात."

आज अच्युत कपारीशी थांबला, वळला.

"पाय कसे आहेत?"

"कापतात," द्वारकाताई म्हणाल्या. "कधीपासूनच."

"माझ्या मागे या."

त्या पुढे गेल्या. त्यांच्या मागे मी. बाकीचे एकेक जण वळणाच्या अलीकडे, पाण्याच्या कडेला उभे राहिले.

अच्युत कपारीत शिरला. चारदोन हात गेला असेल.

मग थांबला.

मला वाटलं, ताईंसाठी थांबला. पण तो मागे बघत नव्हता. दोन्ही तळवे दगडावर पसरून, गाल दगडाला लावून उभा होता. तो या वाटेने कितीदा गेला असेल त्याची गणती नाही. पण दरवेळी त्याच्यासमोर दाजींची पाठ असायची. आज समोर नुसता दगड होता आणि पुढे वळणाला निळं पाणी.

"अच्युतमहाराज," द्वारकाताईंनी हळूच हाक मारली.

तो दगडाला आणखी चिकटला.

"अहो... डोळे मिटलेत का?"

त्याने दगडावरच मान हलवली.

"उघडा. खाली नका बघू. माझ्याकडेही नको. दगडात शिंपला आहे बघा तुमच्या नाकासमोर. दिसला?"

"दिसला." आवाज त्याचा वाटत नव्हता.

"त्याच्या पुढे दुसरा असेल."

"पाय उचलत नाही, ताई."

मागून शितोळेमामांची हाक आली, "काय झालं? पाणी वाढतंय."

द्वारकाताईंनी पदर खोचला. "आई गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं ते मी दोन हातांवरून पाहिलं. त्या अच्युतच्या बाहेरच्या बाजूने गेल्या. एक हात त्याच्या डोक्यावरून दगडाला, एक पाय त्याच्या पायापलीकडे, आणि मधलं सगळं अंग पाण्यावर. सगळा वेळ "आई गं, आई गं" चाललं होतं. पलीकडे पाय टेकल्यावर त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"चला. शिंपला बघा. हां. आता पुढचा."

तशा त्या त्याला घेऊन गेल्या. वळणापलीकडे, रुंद दगडावर. तिथं त्यांनी मनगट सोडलं आणि मटकन खाली बसल्या. अच्युत उभा राहिला. बाकीचे वळणावरून येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

घळीतून वर आलो तर दाजी घोंगडीसकट पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभे होते.

"कशी झाली?"

"झाली एकदाची," शितोळेमामा म्हणाले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "पण कपारीत एवढा वेळ काय चाललं होतं कळेना. आम्ही मागे पाण्यात, बगळ्यासारखे."

 मग अच्युत बोलला.

"द्वारकाताईंचे पाय अडले. मी हात दिला."

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. त्या पदराने मान पुसत होत्या. पुसायचं थांबल्या. अच्युतकडे बघितलं... मग आमच्याकडे.

"हो, माझेच अडले," त्या म्हणाल्या. "हे एवढं धूड कपारीत घालायचं म्हणजे काय. बिचाऱ्यांनी नेलं म्हणून आले."

मंडळी हसली. कुणीतरी अच्युतला म्हणालं, "महाराज, शोभलात हो पुढे."

दाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही ताईंच्या मागे होतात ना?"

"होतो."

"काय दिसलं?"

"ताईंची पाठ," मी म्हणालो.

दाजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग घोंगडी सावरून आत गेले.

दिवस नेहमीसारखा गेला. वारा पडला नाही. द्वारकाताई दुपारभर माथ्यावर, त्या पूर्वी बसायच्या त्याच जागी बसून होत्या. शितोळेमामांनी चहा नेऊन दिला. त्यांनी तो काही न बोलता प्यायला. अच्युत मठाचं अंगण झाडत होता. एकदा झाडून झालेलं त्याने पुन्हा झाडलं.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा सगळे ओळीने बसलो. सकाळी जसे चाललो तसे. दाजींचा ताप पुन्हा चढला होता. आवाज खोल गेला होता.

"अच्युत?"

"पूर्ण," अच्युत म्हणाला. दाजींकडे न बघता.

"ताई?"

द्वारकाताई समुद्राकडे बघत होत्या.

"अपुरी."

ओळीत चुळबूळ झाली. शितोळेमामा वाकून पुढे बघू लागले. "अहो वहिनी, अपुरी कशी? दिवसभर तर तुम्ही कुणाशी बोलला नाहीत. माझ्या चहालासुद्धा नाव ठेवलं नाहीत."

"बोलले असेन काहीतरी."

"काय?"

"माझं मला ठाऊक, मामा. पुढे चला."

"अहो, पण उद्या तुम्ही निघालात. पुन्हा कधी..."

"पुढे चला म्हणते ना."

 त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"पुढचं," दाजी म्हणाले.

माझी पाळी होती. 

तेवढ्यात अच्युत उठून उभा राहिला.

"ताईंचे पाय अडले नव्हते," तो म्हणाला. "माझे अडले होते. मी डोळे मिटून उभा होतो. त्या बाहेरून, पाण्यावरून माझ्या पुढे गेल्या. मनगट धरून त्यांनी मला नेलं." तो थांबला. "आणि मी वर येऊन उलटं सांगितलं."

 खाली पोकळीत पाणी शिरलं, बाहेर आलं.

"झालं," द्वारकाताई म्हणाल्या. त्या खरोखर रागावल्या होत्या. "काय मिळालं आता? माझी गेली ती गेलीच. तुमचीही घालवलीत. चांगली झाकली होती."

"तुम्ही का हो म्हणालात, ताई?"

"सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला बघवेना."

अच्युतने मान खाली घातली. त्याच्या तळव्यांवर सकाळचे ओरखडे होते, अजून धुतलेले नव्हते. मग तो दाजींकडे वळला.

"दाजी, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. ते त्यांच्याकडे मोजू नका. त्यांची पूर्ण धरा."

"नाही."

"मग माझी त्यांना द्या."

"तुझी कुठे आहे?"

 शितोळेमामा स्वतःच्या पायांकडे बघत होते. सूर्य बुडाला.

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं," अच्युत म्हणाला.

"हो."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"दिवस उरला होता."

"तुम्ही दर वेळी म्हणता, माझे पाय कापतात. मला वाटायचं, आम्हाला शिकवायला म्हणता."

"कापतात म्हणून म्हणतो."

अच्युत तसाच उभा राहिला. मंडळी हळूहळू उठली, अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची असतात. पत्रावळी मांडल्या गेल्या. ज्याची फेरी अपुरी, त्याने त्या दिवशी सगळ्यांना वाढायचं, असा मठात रिवाज आहे. त्यात दंड नाही, काम वाटून घेतलं जातं एवढंच. द्वारकाताईंनी खिचडीचं पातेलं उचललं. मी न सांगता भाकऱ्यांची टोपली घेतली. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही.

अच्युत दाजींच्या पुढ्यात बसला.

"उद्या पुढे कोण?" त्याने विचारलं.

"तू. मला ताप आहे."

"मी? आजच्यानंतर?"

"दुसरं कोण आहे?"

"दाजी, मला प्रायश्चित्त सांगा. काहीही सांगा. मी तीन दिवस अन्न घेत नाही. बोलतही नाही."

"म्हणजे तीन दिवस सगळ्यांनी तुझ्याकडेच बघायचं?"

अच्युतच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो उठला, चुलीशी गेला आणि कढीची बादली उचलली. त्याचीही अपुरीच होती. वाढणं तरी त्याच्या हातात होतं.

"ती खाली ठेव," दाजी म्हणाले.

त्याने ठेवली.

द्वारकाताई पंगतीच्या टोकापासून वाढत येत होत्या. पाय दुखत असावेत, प्रत्येकापुढे वाकताना त्या गुडघ्यावर हात टेकत होत्या. मधे एक पत्रावळ रिकामी होती. दाजींनी घोंगडीतून हात बाहेर काढून ती दाखवली.

"तिथं बस. ताई वाढतील. पुरे म्हणू नकोस."